‘आय७, १६ जीबी, ग्राफिक्स कार्डसहित’: कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये काय लपलेलं असतं? फसवणूक झाली तर काय करायचं?

समजा, मुलीला नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळालाय. सोयाबीनचे पैसे आलेत आणि त्यातले चाळीस हजार वडिलांनी कॉम्प्युटरसाठी बाजूला काढलेत. दोघं मुखेडहून जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. दुकानदार कोटेशन देतो : ‘आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, गेमिंग कॅबिनेट. फायनल ३८ हजार.’

आकडे मोठे आहेत, कॅबिनेटमध्ये रंगीत लाइट लागतात, सौदा पक्का होतो. दोन महिन्यांनी ऑटोकॅडमध्ये थोडं मोठं ड्रॉइंग उघडलं की मशीन अडकायला लागतं. वर्गातला एक मित्र येऊन तपासतो. प्रोसेसर निघतो कोअर आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा.

दुकानदार खोटं बोलला का? तो म्हणेल, ‘आय७ सांगितला होता, आय७ च दिलाय.’ आणि अडचण नेमकी इथंच आहे.

हे उदाहरण समजण्यापुरतं आहे. पण नांदेड असो की लातूर, देगलूर, उदगीर असो की अहमदपूर, तयार सेट घेणाऱ्या कुणावरही ही वेळ येऊ शकते. म्हणून कोटेशनमधले शब्द कसे वाचायचे, पैसे देण्याआधी काय लिहून घ्यायचं आणि फसवणूक झालीच तर कायदा कुठं उपयोगी पडतो, हे समजून घेऊ.

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा?

याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. विंडोज ११ साठी अधिकृतपणे साधारण आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते. त्यामुळे ज्या जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, त्या ऑफिसांना बदलाव्या लागतात. अशा मशीन शेवटी जुन्या मालाच्या बाजारात येतात.

दुसरं कारण रॅम. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरीची मागणी प्रचंड वाढली आणि २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉन कंपनीने क्रुशल या ब्रँडखाली सामान्य ग्राहकांना होणारी विक्री बंद करत असल्याचं जाहीर केलं. नवा माल महाग झाला की ‘त्याच बजेटमध्ये बसवून देतो’ असं सांगणाऱ्याला कुठेतरी काटछाट करावी लागते. ती कुठं केली, हे ग्राहकाला कळलं पाहिजे.

आकडे खरे, तरीही कॉम्प्युटर जुना. हे कसं होतं?

प्रोसेसर : आय३, आय५, आय७ ही फक्त श्रेणीची नावं आहेत. खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. आय७-२६०० हा दुसऱ्या जनरेशनचा, तर आय३-१२१०० हा बाराव्या जनरेशनचा प्रोसेसर. दोघांनाही चार कोअर आणि आठ थ्रेड आहेत. पण २०२२ चा हा ‘छोटा’ आय३ त्या २०११ च्या ‘मोठ्या’ आय७ पेक्षा दुपटीहून जास्त काम करतो. म्हणून नुसतं ‘आय७’ म्हणजे गाडी घेताना कंपनीचं नाव सांगायचं आणि मॉडेल, साल दोन्ही गाळायचं.

लॅपटॉपमध्ये हा घोळ आणखी नाजूक आहे. उदाहरणार्थ, एएमडीचा रायझन ५ ७५२०यू. सुरुवातीचा ७ पाहून प्रोसेसर अगदी नवा वाटतो. पण त्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. इथं तो २ आहे, म्हणजे ‘झेन २’. ही रचना पहिल्यांदा २०१९ मध्ये आली होती.

ग्राफिक्स कार्ड : ‘४ जीबी ग्राफिक्स’ हा शब्द सर्वांत फसवा. कार्डाचा वेग फक्त मेमरीच्या जीबीवर ठरत नाही. चिप कोणती आणि मेमरी कोणत्या प्रकारची, यावर तो ठरतो. एनव्हिडियाचं जीटी ७३० हे २०१४ सालचं कार्ड बघा. या एकाच नावाखाली तीन वेगवेगळी कार्ड निघाली. एकात ९६ कोअरची जुनी चिप, दुसऱ्यात ३८४ कोअर पण संथ डीडीआर३ मेमरी, तिसऱ्यात ३८४ कोअर आणि वेगवान जीडीडीआर५ मेमरी. तिन्हींच्या बॉक्सवर जीटी ७३० च लिहिलेलं.

जीटी १०३० चंही तसंच. जीडीडीआर५ मेमरीच्या कार्डात मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी आहे. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं, त्यात हा वेग १७ जीबीच्याही खाली. आरटीएक्स ३०५० सुद्धा ८ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत मिळतं. फरक फक्त मेमरीचा वाटतो, पण ६ जीबीच्या कार्डात कोअरही कमी आहेत.

याहून वाईट प्रकार म्हणजे बनावट कार्ड. जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते नव्या नावाने दिसेल अशी सोय केली जाते. हा प्रकार इतका वाढला, की जीपीयू-झेड नावाच्या मोफत प्रोग्राममध्ये २०१८ पासून अशी कार्ड ओळखून ‘फेक’ असं दाखवायची सोय करावी लागली.

आणखी एक गंमत. वेगळं कार्ड नसलं तरी विंडोज ‘एकूण ग्राफिक्स मेमरी ८ जीबी’ असं दाखवू शकतं. कारण त्यात कॉम्प्युटरच्या रॅममधून उसनी घेता येणारी मेमरीही मोजलेली असते. बघायचा आकडा ‘डेडिकेटेड’ मेमरीचा.

रॅम : १६ जीबी म्हणजे डीडीआर३, डीडीआर४ की डीडीआर५? एकच १६ ची पट्टी की ८-८ च्या दोन? दोन पट्ट्या जोडीने लावल्या तर मेमरीचा मार्ग दुप्पट रुंद होतो. ज्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, तिथं हा फरक डोळ्यांना दिसतो.

एसएसडी : एम.२ हा फक्त आकार आहे. त्या आकारात साटा एसएसडीही येते आणि एनव्हीएमईही. साटा साधारण सेकंदाला ५५० एमबीपर्यंत जाते. साधी एनव्हीएमई ३,५०० एमबीच्या आसपास. ‘५१२ जीबी एम.२ एसएसडी’ एवढंच लिहिलं असेल, तर दोन्हींपैकी काहीही मिळू शकतं.

एसएमपीएस : कोटेशनवर बहुतेक वेळा हा शब्दच नसतो. कॅबिनेटसोबत ‘४५० वॅट’ लिहिलेला एसएमपीएस येतो. त्याच्या अंगावरचं लेबल वाचा. १२ व्होल्टच्या रकान्यात समजा १६ अँपिअर लिहिलंय. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड याच १२ व्होल्टवर चालतात. एकट्या आरटीएक्स ३०६० ला १७० वॅट लागतात, मग प्रोसेसरने कुठं जायचं? जिथं वीज सारखी जाते-येते आणि व्होल्टेज कमी-जास्त होतं, तिथं स्वस्त एसएमपीएस सगळा सेट घेऊन बसू शकतो.

जुना माल घेणं चूक आहे का?

अजिबात नाही. ऑफिसातून आलेली, ब्रँडेड कंपनीची, स्वच्छ केलेली मशीन टायपिंग, टॅली, ऑनलाइन फॉर्म भरणं, टंकलेखनाच्या परीक्षेचा सराव यासाठी उत्तम चालते. सेवा केंद्र किंवा झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याने विनाकारण गेमिंग सेट घेऊ नये. आठव्या जनरेशनचा आय५ असलेलं रिफर्बिश्ड मशीन आणि प्रामाणिक किंमत, हा चांगला सौदा आहे.

प्रश्न येतो तो जुना प्रोसेसर आणि जुनी रॅम नव्या चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून ‘नवा सेट’ म्हणून विकला जातो तेव्हा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा असल्याचं भासवणं, ही अनुचित व्यापार प्रथा असल्याचं स्पष्ट म्हटलंय. मालाचा दर्जा किंवा प्रतीबद्दल खोटी माहिती देणंही त्यातच येतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत

हे फक्त गल्लीतल्या दुकानात घडतं, असं समजू नका.

एनव्हिडियाने सप्टेंबर २०१४ मध्ये जीटीएक्स ९७० हे ४ जीबीचं कार्ड आणलं. काही महिन्यांतच वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं, की शेवटची अर्धा जीबी मेमरी बाकीच्या साडेतीन जीबीपेक्षा खूप संथ चालते. कार्डाची जाहीर केलेली काही तांत्रिक माहितीही चुकीची निघाली. अमेरिकेत खटला झाला आणि २०१६ मध्ये कंपनीने प्रत्येक खरेदीदाराला ३० डॉलर द्यायचा समझोता केला.

एएमडीवर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात खटला झाला. ‘एफएक्स’ मालिकेतले प्रोसेसर आठ कोअरचे म्हणून विकले, पण त्यातले दोन-दोन कोअर काही भाग आपसात वाटून घेतात, मग त्यांना पूर्ण आठ कोअर कसं म्हणायचं, असा ग्राहकांचा सवाल होता. २०१९ मध्ये कंपनीने १ कोटी २१ लाख डॉलरचा समझोता केला.

या दोन्ही प्रकरणांत ग्राहकांच्या हातात एक गोष्ट होती : बॉक्सवर आणि जाहिरातीत छापलेला आकडा. ‘तुम्ही हे लिहिलं होतं आणि हे दिलं’ असं ते दाखवू शकले. आपल्याकडच्या असेंबल्ड सेटच्या व्यवहारात नेमका हाच कागद नसतो.

दुकानदाराचीही एक बाजू आहे

असेंबल्ड कॉम्प्युटरच्या धंद्यात नफा कमी असतो. समोरचा ग्राहक ऑनलाइन किंमत दाखवून घासाघीस करतो. बरेच जण विचारतातही तेवढंच, ‘आय७ आहे ना?’ अशा वेळी पूर्ण मॉडेल सांगून महाग कोटेशन देणारा प्रामाणिक दुकानदार मागं पडतो आणि अर्धवट सांगून स्वस्त देणारा पुढं जातो. शिवाय माल हैदराबाद, पुणे, मुंबईच्या ठोक बाजारातून येतो. कधीकधी बनावट कार्ड वरूनच आलेलं असतं आणि दुकानदार स्वतःच फसलेला असतो.

म्हणून पूर्ण मॉडेल नंबर मागणं हा दुकानदारावरचा अविश्वास नाही. दोन कोटेशनची बरोबरी करता यावी, यासाठी ते लागतं. त्यात प्रामाणिक दुकानदाराचाच फायदा आहे.

पैसे देण्याआधी हा मेसेज पाठवा

दुकानात बोलणं झालं की घरी येऊन खालचा मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवा. उत्तर लेखी आल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

‘नमस्कार भाऊ, आपलं बोलणं झालं त्या कॉम्प्युटरची माहिती लिहून पाठवता का?
१. प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल. बॉक्स पॅक की ट्रे?
२. मदरबोर्डची कंपनी आणि मॉडेल.
३. रॅमची कंपनी, डीडीआर३, ४ की ५, वेग, किती पट्ट्या.
४. एसएसडीची कंपनी, मॉडेल, साटा की एनव्हीएमई.
५. ग्राफिक्स कार्डची कंपनी, पूर्ण मॉडेल, मेमरीचा प्रकार.
६. एसएमपीएसची कंपनी, मॉडेल, १२ व्होल्टवर किती अँपिअर.
७. प्रत्येक पार्ट नवा की वापरलेला? वॉरंटी किती, आणि कंपनीची की दुकानाची?
८. विंडोज ओरिजिनल लायसन्ससह आहे का?
हीच माहिती बिलावर लिहून मिळेल ना?’

यातला ‘बॉक्स की ट्रे’ हा प्रश्न बऱ्याच जणांना नवा असेल. इंटेलच्या डब्यातल्या डेस्कटॉप प्रोसेसरवर साधारण तीन वर्षांची कंपनीची वॉरंटी असते. ट्रेमधून आलेल्या सुट्या प्रोसेसरला कंपनी ग्राहकाला थेट वॉरंटी देत नाही. तिथं जबाबदारी विकणाऱ्याची. त्यामुळे तीच गोष्ट लिहून घेणं महत्त्वाचं.

जुन्या मालावर ‘टेस्टिंग वॉरंटी’ असं सांगितलं, तर किती दिवसांची आणि कशाकशाची, हेही विचारा.

बिल कसं हवं?

‘कॉम्प्युटर सेट, १ नग, ३८,०००’ असं बिल म्हणजे जवळजवळ कोरा कागद. उद्या वाद झाला तर आत काय द्यायचं ठरलं होतं, हे त्यावरून सिद्धच होत नाही. प्रत्येक पार्टची ओळ वेगळी हवी, शक्य असेल तर सिरियल नंबरसकट.

‘पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, कच्च्यावर स्वस्त देतो’ हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. या बचतीची किंमत नंतर कळते. कच्च्या चिठ्ठीवर कंपनी वॉरंटी नाकारू शकते आणि तक्रार करतानाही हात अडकतात. बिल न देणं हीसुद्धा कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा आहे. छोट्या दुकानदाराकडे जीएसटी नंबर नसू शकतो किंवा तो कंपोझिशन योजनेत असू शकतो. तेव्हा बिलावर वेगळा जीएसटी दिसणार नाही. पण सही-शिक्क्याचं, तपशीलवार बिल त्यालाही द्यावंच लागतं.

बिलावरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर तपासता येतो. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो, तेलंगणातला ३६ ने.

पहिल्या अर्ध्या तासात काय तपासायचं?

हे शक्यतो दुकानातच, उरलेले पैसे देण्याआधी करा.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या परफॉर्मन्समध्ये प्रोसेसरचं नाव, रॅमचा वेग, किती स्लॉट वापरले, ग्राफिक्सची डेडिकेटेड मेमरी हे सगळं दिसतं.

पण तेवढ्यावर थांबू नका, कारण विंडोजमध्ये दिसणारं नाव बदलता येतं. सीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चिपकडूनच माहिती घेतो, तो चालवा. ग्राफिक्स कार्डसाठी जीपीयू-झेड. एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात एसएसडी आजवर किती तास चालली हे कळतं. ‘नवी’ एसएसडी दहा हजार तास चाललेली असेल, तर उत्तर तिथंच मिळालं. हे प्रोग्राम त्यांच्या अधिकृत साइटवरून आपल्याच पेन ड्राइव्हमध्ये आणा.

मग कॅबिनेटचं झाकण उघडायला सांगा. आतल्या पार्टचे आणि एसएमपीएसच्या लेबलचे फोटो काढा. पार्टचे रिकामे डबे घरी घेऊन या. डब्यावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव, एमआरपी, महिना-वर्ष आणि कस्टमर केअरचा नंबर असायला हवा.

ऑनलाइन मागवलं असेल तर डबा उघडण्यापासून पहिल्यांदा चालू करेपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा.

फसवणूक झाली, आता काय?

पायरी १, दुकानदाराशी लेखी बोला : ठरलेलं मॉडेल आणि मिळालेलं मॉडेल शेजारी-शेजारी ठेवून मेसेज करा. बदलून हवंय, पैसे परत हवेत की फरकाची रक्कम, हे स्पष्ट लिहा आणि मुदत द्या. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर छापलं म्हणून कायदा रद्द होत नाही. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापार प्रथा आहे. म्हणून तपासणीला उशीर करू नका. आणि वाद मिटेपर्यंत मशीन दुसरीकडे उघडू नका, नाहीतर ‘पार्ट तुम्हीच बदलला’ असं ऐकून घ्यावं लागेल.

पायरी २, ऑनलाइन खरेदी असेल तर : २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांचा माल नसेल तर विक्रेता तो परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते. उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवा, पान नंतर बदलू शकतं.

पायरी ३, १९१५ : हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीतही बोलता येतं. इथं आदेश निघत नाही. तक्रार कंपनीकडे पाठवून समझोत्याचा प्रयत्न होतो. मोठा ब्रँड किंवा ऑनलाइन कंपनी असेल तर याचा उपयोग जास्त होतो.

पायरी ४, जिल्हा ग्राहक आयोग : नांदेड आणि लातूर, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहेत. मालासाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार इथं करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. वकील सक्तीचा नाही, तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. ई-जागृती पोर्टलवरून तक्रार ऑनलाइनही दाखल होते. घटनेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करायची.

मराठवाड्यातल्या ग्राहकासाठी यातली एक तरतूद फार कामाची आहे. नांदेडहून अनेक जण रेल्वेने सिकंदराबादच्या सीटीसी मार्केटला जाऊन कॉम्प्युटर आणतात. लातूरचे लोक पुणे, हैदराबाद गाठतात. जुन्या, १९८६ च्या कायद्यात तक्रार साधारणपणे विक्रेत्याच्या गावी किंवा व्यवहार झाला तिथं करावी लागायची. २०१९ च्या कायद्याने ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथंही तक्रार करायची मुभा दिली. म्हणजे माल तेलंगणात घेतला तरी तक्रार नांदेडच्या आयोगात चालू शकते.

समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. मालाची तपासणी लागणार नसेल तर तीन महिन्यांत आणि लागणार असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागू शकतो, हे धरून चला. इथंही लेखी मॉडेल नंबर उपयोगी पडतो. बिलावर एक मॉडेल आणि मशीनमध्ये दुसरं असेल, तर वाद खूप सोपा होतो. नुसतं ‘मशीन स्लो आहे’ म्हटलं तर तज्ज्ञ, प्रयोगशाळा, तारखा हे सगळं आलं.

आयोग माल बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि भरपाई द्यायला सांगू शकतो. आदेश पाळला नाही तर दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. निकाल पटला नाही तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं.

दुकानासाठी घेतलेला कॉम्प्युटर असेल तर?

‘तुम्ही धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहक नाही’ असा मुद्दा समोरून येऊ शकतो. पण कायद्याची व्याख्या नीट वाचा. स्वतः काम करून पोट भरण्यासाठी, म्हणजे स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोजली जात नाही. त्यामुळे स्वतः बसून सेवा केंद्र, डीटीपी किंवा फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस ग्राहक म्हणून तक्रार करू शकतो. तक्रारीत ‘हे काम मी स्वतः करतो, यावर माझं घर चालतं’ हे लिहायला मात्र विसरू नका.

हप्त्यावर घेतला असेल तर?

रागाच्या भरात ईएमआय थांबवू नका. कर्ज फायनान्स कंपनीचं असतं. हप्ता चुकला की दंड लागतो आणि तुमचा क्रेडिट स्कोअर खराब होतो. दुकानदाराशी वाद वेगळा चालवा आणि त्याची लेखी माहिती फायनान्स कंपनीलाही द्या.

जाणूनबुजून बनावट पार्ट दिल्याचा पुरावा असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलिसांत करता येते. पण पैसे परत मिळवण्यासाठी ग्राहक आयोगाचाच रस्ता जास्त थेट आहे.

थोडक्यात

मुखेडहून आलेल्या त्या बापलेकीकडे परत जाऊ. त्यांच्या बिलावर फक्त ‘कॉम्प्युटर सेट’ असेल, तर त्यांची बाजू खरी असूनही सिद्ध करणं कठीण आहे. दुकानदार म्हणेल, हेच ठरलं होतं. पण व्हॉट्सॲपवर मागितलेल्या आठ ओळींचं उत्तर त्यांच्याकडे असतं, तर एकतर आय७-२६०० हे नाव आधीच कळलं असतं आणि त्यांनी सौदा केला नसता. किंवा उत्तरात नव्या प्रोसेसरचं नाव आलं असतं आणि मशीनमध्ये जुना निघाल्यावर आयोगापुढं ठेवायला पुरावा हातात असता.

कॉम्प्युटरमधलं सगळं प्रत्येकाला कळलंच पाहिजे असं नाही. मॉडेल नंबर लिहून घेतला, तर ज्याला कळतं अशा भाच्याला, शिक्षकाला, मित्राला तो दाखवता येतो. तोंडी सांगितलेलं ‘आय७’ मात्र कुणालाच तपासता येत नाही.

तुमच्या ओळखीत कुणी या महिन्यात कॉम्प्युटर घेणार असेल, तर वरचा मेसेज त्यांना आजच पाठवा.